रेघा पुसतात म्हणून

मी मंगल, मूळची धुळ्याची, देवपुरातली. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, दुकान म्हणजे काय, डोक्यावर एक पत्रा, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि एक पंप, बस. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेत गेलं की मराठी. मी उंच. इतकी उंच, की आईला माझ्या लग्नाची काळजी मी सातवीत असतानाच लागली. शेजारची बाई म्हणायची, मंगल, पत्र्यावरची कैरी काढून दे गं, शिडी कशाला आणू. तर ही उंची कॉलेजात जाऊन कामाला आली. पहिल्याच आठवड्यात खेळाचे सर वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, ती मागच्या बाकावरची, खाली बस. मी म्हटलं, सर, बसलेलीच आहे. ते म्हणाले, मग उभी राहा. मी उभी राहिले आणि सर खूश.

बास्केटबॉल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मुरमाचं मैदान, दोन लोखंडी खांब, रिंगला जाळी नाही, आणि जमिनीवर फक्कीच्या रेघा, फक्की म्हणजे ती चुन्याची पांढरी पूड. आम्ही पोरी सलवार-कमीज घालायचो आणि ओढणी कमरेला गच्च बांधायचो. पण काय सांगू तुम्हाला, बॉल हातातून सुटला आणि रिंगमधून खाली पडला की पोटात जे व्हायचं ना, तसं मला नंतर कशानं झालं नाही, लग्नात नाही, पोरगी झाली तेव्हासुद्धा वेगळंच झालं, तसं नाही. आईला पटायचं नाही. ती म्हणायची, बठ्ठा गाव देखस, दिवा लागाना पहिले घर ये. म्हणजे सगळं गाव बघतं, खेळ, पण दिवेलागणीच्या आत घरात. तेवढ्या एका अटीवर मी खेळले.

आता ऐका, सगळं पुढचं या अटीवरच आहे. खेळाचे दोन विभाग होते, एक धुळे, एक जळगाव. आपापल्या विभागात जिंकायचं आणि मग दोघांची एकमेकांशी मॅच, एक वर्ष धुळ्यात, एक वर्ष जळगावात. पोरांची आणि पोरींची, दोन्ही एकाच दिवशी. विद्यापीठाचा संघ निवडणारे साहेब लोक तीच मॅच पाहायला यायचे. त्यांनी आपल्याला खेळताना पाहिलं तर निवड, नाही पाहिलं तर नाही. मला त्या संघात जायचं होतं. दुसरं काही नको होतं मला, साडी नको, सोनं नको. पोलीस भरतीत खेळाडूंना जागा असतात असं ऐकलं होतं, ते होतंच, पण ते नंतरचं. आधी मला कोणीतरी पाहायला हवं होतं.

पहिल्या वर्षी मॅच धुळ्यात. कार्यक्रम असा, की आधी पोरांची मॅच, मग पाहुण्यांचं भाषण, मग बक्षिसं, मग उजेड राहिला तर पोरींची मॅच. उजेड राहिला तर! आणि जळगावची शेवटची बरी एस.टी. चारची, ती चुकली तर पोरी घरी पोचायच्या कधी, त्यांच्या घरी पण आया होत्याच ना. त्या निघून गेल्या. मग आम्हा पाच जणींना रेघेच्या आत उभं केलं, पंचांनी पंधरा मिनिटं घड्याळ पाहिलं, शिट्टी मारली, म्हणाले, वॉकओव्हर, धुळे विजयी. बॉलला हात न लावता आम्ही शील्ड घेऊन फोटो काढला. मला वाटलं, असतं एखाद्या वर्षी.

दुसऱ्या वर्षी जळगावात. आता आमची पाळी. सकाळपासून पोचलो, उन्हात बसलो, पाहुणे दोन तास उशिरा. नळावर पाणी प्यायला गेले तर तिथे जळगावची कॅप्टन. शमीम. ठेंगणी, पण पाय असे चालायचे की नजर टिकायची नाही. बापाचं बांगड्यांचं दुकान. मला म्हणते, ए धुळेवाली, गेल्या वर्षी फुकट शील्ड नेलीस ना, आज आम्हाला दे. मी म्हटलं, खेळून घे की. ती म्हणाली, खेळायला देतंय कोण? तुला काय वाटलं, त्या दिवशी आम्ही घाबरून पळालो? मग ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, मलाही मगरिबच्या आत घरी जावं लागतं, अब्बा दुकानाच्या पायरीवर उभे असतात. म्हणजे तिच्या घरी अजान आणि माझ्या घरी दिवा, वेळ एकच. आम्ही दोघी हसलो. साडेतीन झाले, पाहुणे अजून बोलूनच राहिले होते, आमच्या सरांनी पिशवी उचलली. मी वळून पाहिलं तर जळगावच्या पाच जणी रेघेच्या आत उभ्या, शमीमच्या हातात बॉल, आणि तिचं तोंड असं, की जिंकलेल्या माणसाचं तसं नसतं हो.

एस.टी.त बसल्यावर मला एकदम कळलं. धुळ्यात मॅच झाली की धुळे जिंकतं, जळगावात झाली की जळगाव. दर वर्षी विजेता आहे, शील्डवर नाव आहे, आणि मॅच कधी झालीच नाही! मी सरांना म्हटलं, तर ते म्हणाले, मग बरोबरच आहे ना, एक वर्ष त्यांना, एक वर्ष आपल्याला, यात अन्याय कुठे? शिकलेला माणूस असं म्हणतो!

तिसऱ्या वर्षी कार्यक्रम ठरवायला दोन्हीकडचे सर धुळ्यात जमले, तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. त्या लोकांचं एकमेकांशी कशातच जमायचं नाही, बॉल कुणाचा, पंच कुणाचा, चहा कोण देणार, सगळ्यात भांडण. मी म्हटलं, पोरींची मॅच सकाळी पहिली ठेवा, नाहीतर चाळीसगावला ठेवा, धुळ्याहून गाडी जाते, जळगावहूनही गाडी जाते, दुपारी खेळून दोघी आपापल्या घरी. तर सगळे हसले. जळगावचे सर आणि आमचे सर, आयुष्यात पहिल्यांदा एकत्र हसले. म्हणे तुमच्यासाठी आता वेगळं गाव शोधायचं? मी म्हटलं, मग सकाळी का नको, कारण सांगा. तर आमचे सर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, पोरींची मॅच आधी झाली तर फक्कीच्या रेघा पुसतात, मग पोरांच्या मॅचला मैदान चांगलं दिसत नाही.

रेघा पुसतात. म्हणून आम्ही खेळायचं नाही.

मी म्हटलं, पुन्हा मारा ना रेघा. ते म्हणाले, फक्की काय तुझा बाप देणार आहे? मी म्हटलं, हो, देईल.

आणि दिली बघा माझ्या बापानं. मॅचच्या दिवशी उजाडता उजाडता फक्कीचं पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं, आणि मी हँडल धरून आणि तो मागून पोतं धरून कॉलेजपर्यंत चालत गेलो. सरांसमोर पोतं टेकवलं. सर म्हणाले, अरे बापरे, खरंच आणलं, पण आता कार्यक्रम छापून झाला. बाप म्हणाला, राहू द्या, कामाला येईल, आणि दुकानाकडे गेला.

आलं ना कामाला! पोरांची मॅच अर्धी झाली, रेघा पुसट झाल्या, तर शिपायानं आमचं तेच पोतं फोडलं आणि पोरांसाठी नव्या रेघा मारल्या. माझ्या बापानं वाहून आणलेली फक्की. मी आणि शमीम शेजारी शेजारी बसून बघत होतो. ती म्हणाली, मंगल, हे तर तुझं पोतं.

पाहुणे बोलले, हार झाले, साहेब लोक चहा पिऊन गाडीत बसून गेले. मग माइकवर पुकारलं, आता मुलींचा सामना. साडेतीन वाजलेले. शमीमनं तिच्या पोरी गोळा केल्या आणि म्हणाली, जातो गं आम्ही, घे तुझी शील्ड. सर ओरडले, मंगल, मुलींना घेऊन आत उभी राहा, पंधरा मिनिटं फक्त. आणि वॉकओव्हरचं असं असतं, की तो मिळायला एका संघानं तरी आत उभं राहावं लागतं. मी त्या ताज्या पांढऱ्या रेघेपाशी गेले, आणि मला वाटलं, हिच्या आत पाय टाकला तर मी जन्मभर यांच्यातलीच झाले. मी माझ्या पोरींना म्हटलं, चला, जळगाववाल्यांना स्टँडवर सोडून येऊ.

सर मागे धावत आले. अगं वेडे, नुसती उभी राहा, शील्ड आपलीच आहे. मी म्हटलं, सर, तुम्हीच उभे राहा. त्या दहा पोरी आम्ही पांझरेच्या पुलावरून स्टँडवर चालत गेलो, लोक बघत होते, बठ्ठा गाव. शमीमला जागा मिळाली नाही, ती उभ्यानं गेली, खिडकीतून मला ओरडून म्हणाली, तू हरली असतीस!

त्या वर्षी शील्डवर कुणाचंच नाव नाही. सरांनी मला संघातून काढलं, खेळाचा दाखला दिला नाही, आणि भरतीला गेले तेव्हा तो दाखलाच आधी मागितला. झालं. आई म्हणाली, मंग काय मिळनं तुले? बाप पंक्चर काढत होता, तो म्हणाला, ऱ्हाऊ दे तिले.

मग लग्न झालं, आणि नशिबाची थट्टा बघा, जळगावात, या पिंप्राळ्यात. नवऱ्याची पिठाची गिरणी. तो गेला पाच वाजता वसुलीला की मीच चालवते. डबा डोक्यावर धरून चक्कीत धान्य ओतायचं, ते मी एका हातानं करते, मनगट वळवून, आणि नवरा म्हणतो, बास्केट झाली का? कधी भांडण झालं आणि मी गप्प बसले की म्हणतो, धुळ्याचा वॉकओव्हर. आता बोला!

शमीम येते ना, दर पंधरवड्याला गहू घेऊन. अब्बांच्या मागे बांगड्यांचं दुकान तीच बघते. डबा ठेवते आणि पहिलं वाक्य, तू हरली असतीस. मी म्हणते, तुझा हात रिंगला पोचला असता का? मग रांगेतल्या बायका वैतागतात, आमचं दळण आधी करा म्हणतात. दहा-बारा वर्षं झाली, आम्ही भांडतोय, आणि कोणाला माहीत नाही कोण जिंकलं असतं. आम्हालाही माहीत नाही. हेच मला जळतं हो. हरले असते तर चाललं असतं. निदान हरले असते.

परवा इथल्या कॉलेजची एक पोरगी दळणाला आली, उंच, मी विचारलं, खेळतेस का? म्हणाली, हो मावशी. मॅच किती वाजता असते? म्हणाली, पोरांची झाल्यावर. मी तिचं दळण तसंच ठेवलं आणि मोटार बंद केली. म्हटलं, ऐक. जे तुम्हाला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. पीठ अंगावर, डोळ्यात, तशीच.

माझं वय गेलं, गुडघे गेले, सरांशी मला आता काही बोलायचं नाही. तुम्ही लिहून घेताय तर शेवटचं एवढं लिहा. खानदेशातल्या कुठल्याही मैदानावर सकाळी फक्की पडली, तर तिच्यावर पहिलं पाऊल पोरीचं पडो. पुसू देत रेघा.