न पिता बोलला

नेपियर टाउनच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बायका बोलत बसल्या होत्या.

“प्रतिमाताई, तुमचा हेमंत तर एवढा लाजाळू. तो काहून प्यायला लागला?”

“लाजेपायीच, शैलजा. घेतल्याशिवाय चार लोकांत तोंडच उघडत नव्हतं त्याचं. मग कॉलेजात रोजचंच झालं.”

“आणि आता?”

“आठ महिने झाले सोडून. रविवारी बहिणीच्या साखरपुड्यात दीडशे लोकांसमोर बोलायला उभा राहिला.”

“न पिता?”

“एक थेंब नाही. दोनदा अडखळला. पण मनातलं सगळं बोलला. लोक रडले.”

“अच्छा! तुम्ही?”

“मी त्यालाच पाहून राहिली होती. स्टेजवरून खाली उतरून म्हणाला, ‘आई, डर बहुत लगा, पर इस बार मैं खुद बोला.’”