टिप्पणीसह संपूर्ण फाइल

— नाही नाही, त्यावर बसू नका. ती सीट अजून नुसती ठेवलेली आहे, बोल्ट मारलेले नाहीत. बसलात तर सीटसकट मागे जाल. या खोक्यावर बसा. हां, तर तुम्ही विचारलंत, ट्रॅक्टर चालू होतो का. नाही होत. जाहिरातीत 'जवळपास तयार' लिहिलंय ना, ते माझं नाही, माझ्या मुलीचं, वल्लरीचं. ती गुरुग्रामला कंपनीत आहे, तिथे सगळंच जवळपास तयार असतं. मी छत्तीस वर्षं सरकारी खात्यात कारकुनी केली — कुठल्या खात्यात ते सांगत नाही, सवय आहे — आमच्याकडे वस्तू एक तर चालू, नाही तर बंद. हा बंद आहे. तरी बघायचाय? बघा, बघायला काही लागत नाही. थांबा, विमान जाऊ दे. दिल्लीतल्या द्वारकेच्या या बाजूला दर तीन मिनिटांनी बोलणं तोडावं लागतं. भांडायला उत्तम जागा आहे, पण भांडायला माणूस लागतो.

हा मूळचा अठरा घोड्यांच्या ताकदीचा, जपानी नमुन्यावरचा, बागेत गवत कापायला घेतात तसला छोटा ट्रॅक्टर. बनवणारी कंपनी कधीच बुडाली, त्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत — मिळत नाहीत म्हणजे याचे म्हणून मिळत नाहीत. दुसऱ्यांचे मिळतात. मायापुरी माहितीये का? दिल्लीतल्या सगळ्या मेलेल्या गाड्या तिथे येतात आणि दुकानादुकानांतून सुट्या होऊन विकल्या जातात. तीन हिवाळे आम्ही दर शनिवारी मायापुरीला जायचो. हा रेडिएटर एका लग्नाच्या हॉलच्या जनरेटरचा. स्टिअरिंग जीपचं. पुढची दोन चाकं विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाडीची — बघा, किती गुळगुळीत, आयुष्यभर फरशीवरच फिरलेली. बॉनेटला जो पत्रा लावलाय तो कूलरचा. आमच्या सेक्शनमध्येही असलेच कूलर होते, वारा कमी, आवाज जास्त. कोण आम्ही? मी आणि खंडेराव. सांगतो.

अच्छा. म्हणजे तुम्हाला चालवायचाच नाहीये. दारात उभा करायचा, सोहना रोडला, कॅफेच्या दारात, आणि लोक शेजारी उभे राहून फोटो काढणार. मागे गवताचा भारा पण ठेवणार? ठेवा, ठेवा. कॉफी पिणाऱ्याला शेतकऱ्याची आठवण व्हायला हवी. हसतोय असं समजू नका, निहार — निहारच ना? — पुण्याचा माणूस दिल्लीत धंदा करतो याचं मला कौतुकच आहे. आम्ही आलो तेव्हा पुण्याचा माणूस दिल्लीत फक्त बदली रद्द करायला यायचा.

खंडेराव म्हणजे — माझे मित्र होते. अहो नाही, वारले नाहीत. तसा चेहरा करू नका. पालमला राहतात, इथून रिक्षानं वीस मिनिटं. ठणठणीत आहेत. साताऱ्याकडचे, फौजेत गाड्या दुरुस्त करायचे, तिथून सुटल्यावर आमच्या खात्यात ट्रॅक्टर ड्रायव्हर म्हणून लागले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही समोरासमोर राहायचो. कॉलनीतली सगळी हिरवळ ते कापायचे — याच ट्रॅक्टरवर. हो, याच. उन्हाळ्यात सकाळी सहाला याचा आवाज यायचा आणि आमची ही म्हणायची, उठा, खंडेराव निघाले. माणूस निघाला म्हणायची, ट्रॅक्टर नाही. त्यांचा इतका जीव होता यावर की दुसऱ्या कुणाला चावी देत नसत. एकदा बड्या साहेबांच्या मुलाला चालवून बघायचा होता. खंडेराव म्हणाले, साहेब, हा फक्त मराठी समजतो.

मग हा निकामी ठरवला गेला. 'कंडेम' केला म्हणतात. दोन हजार सहा साली. लिलावात गेला, आणि ट्रॅक्टर नाही म्हटल्यावर ड्रायव्हर कशाला? त्यांना पंपहाउसवर पाठवलं. सकाळी एक बटण दाबायचं, संध्याकाळी तेच बंद करायचं, मधल्या वेळात स्टुलावर बसायचं. अकरा वर्षं बसले. रिटायर होईपर्यंत. माणसाचे हात बघितलेत तुम्ही कधी, नुसते मांडीवर ठेवलेले? मी रोज बघायचो, डबा घेऊन जायचो त्यांच्याकडे जेवायला. ते म्हणायचे, अशोकराव, इंजिनाला नुसतं ओव्हरहॉल पाहिजे होतं हो, पंधरा दिवसांचं काम. कोण्या गाढवानं लिहिलं असेल की दुरुस्त होत नाही? मी म्हणायचो, गाढवं काय कमी आहेत आपल्याकडे. आणि भाजी वाढून घ्यायचो.

काय? कोणी लिहिलं म्हणून विचारताय? — विमान येतंय, थांबा.

बरं, तुम्ही काही त्यांना ओळखत नाही. मी लिहिलं. त्यात काही कट नव्हता हो. पद्धत होती. मेकॅनिकचा अहवाल आला होता 'मोठी दुरुस्ती आवश्यक'. तसा पाठवला असता तर वरून विचारलं असतं, मग दुरुस्त का करत नाही, आणि फाइल परत. नवा ट्रॅक्टर मंजूर व्हायला हवा असेल तर जुना मेलाय असं दाखवावं लागतं. सगळे तसंच लिहायचे. जुना निकामी दाखवायचा, नवा आणायचा, आणि नवा येईपर्यंत जुना गुपचूप चालवत राहायचा. मी लिहिलं, 'बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर', म्हणजे दुरुस्ती परवडणारी नाही. म्हटलं, खंडेरावांना नवा कोरा ट्रॅक्टर मिळवून देऊ, अचानक चावी हातात ठेवू. माझ्या पूर्ण आयुष्यातलं हे एकच सरप्राइज. निकामी ठरवण्याचा प्रस्ताव नऊ दिवसांत मंजूर झाला. नव्याचा प्रस्ताव अजून विचाराधीन असावा. गवत कापायचं कंत्राट बाहेर दिलं.

आणि ऐका, पंपहाउसच्या बदलीविरुद्ध त्यांनी अर्ज केला ना, तो मीच लिहून दिला. त्यांचे सगळे अर्ज मीच लिहायचो, रजेचे, क्वार्टरचे, मुलीच्या शाळेचे. हा अर्ज तर फार चांगला झाला होता, वाचून डोळ्यांत पाणी यावं. नामंजूर झाला. नामंजुरीची टिप्पणीही माझ्याच टेबलावरून गेली. तीही चांगली होती.

सांगायला हवं होतं, कबूल. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. अशी अकरा वर्षं गेली, मग रिटायरमेंट, मग क्वार्टर्स पाडली, मी द्वारकेला आलो, ते पालमला. तेव्हा डोक्यात आलं की हा शोधायचा. लिलावाचा लॉट नंबर माझ्या लक्षात होता. शोधत शोधत छावला गावातल्या, झाडांच्या एका नर्सरीत सापडला — टायर नाहीत, अर्ध्या इंजिनात माती, बॉनेटमधून वेल वर आलेला. खंडेरावांना म्हटलं, योगायोगानं दिसला. ते आले, एक फेरी मारली, डाव्या पायरीखाली हात घातला. तिथे त्यांनी स्वतः मारलेलं वेल्डिंग होतं. मग तिथेच खाली बसले. कितीतरी वेळ. नर्सरीवाल्यानं विचारलं, चाचाजी को पानी दूँ क्या?

त्यानंतरची तीन वर्षं — मी पाने द्यायचो, ते फिरवायचे. मला अजून चौदाचा पाना आणि सतराचा पाना नुसता बघून ओळखता येत नाही. ते म्हणायचे, अशोकराव, तुम्ही इतकी वर्षं टिकलात कसे हो नोकरीत? मी म्हणायचो, पाने नव्हते म्हणून. दिल्लीत याला रस्त्यावर आणता येणार नाही, एवढं जुनं डिझेल इंजिन कोण येऊ देणार. पण गावाकडे न्यायचा त्यांचा बेत होता. ट्रकवर चढवायचा, गावी पुतण्याच्या शेतात उतरवायचा आणि स्वतः एक फेरा मारायचा. एवढंच. त्यासाठी हा कायदेशीर लिलावात गेला होता असा कागद हवा होता.

आता मूर्खपणा बघा माझा. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, फक्त लिलावाच्या पत्राची प्रत मागायची. एक ओळ. पण हात सवयीनं चालतो. मी लिहिलं, 'टिप्पणीसह संपूर्ण फाइल मिळावी'. छत्तीस वर्षांत शिकलो होतो, अर्धा कागद मागितला की अर्धाच मिळतो, नेहमी पूर्ण फाइल मागायची. लिहिलं, खंडेरावांनी खाली सही केली, टपालात टाकलं, आणि घरी येऊन जेवताना आठवलं, त्या फाइलीत माझीच टिप्पणी आहे. तरी म्हटलं, पंधरा वर्षांवरची फाइल, केव्हाच नष्ट केली असणार. नियमच आहे तसा. आमच्याकडे माझं स्वतःचं सर्व्हिस बुक दोनदा हरवलं. ही फाइल सापडली. एकही पान गहाळ नाही. जूनमध्ये रजिस्टरनं त्यांच्या पत्त्यावर आली.

ते आले इथे, लिफाफा घेऊन. मी तिथे, त्या कोपऱ्यात, रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत होतो. लिफाफा खोक्यावर ठेवला, हेच खोकं. डिझेलचा पंप आदल्या दिवशी खोलून ठेवला होता, त्याचे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले होते, ते एकदा बघितले. मग म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं." आणि गेले.

पाच महिने झाले. फोन उचलत नाहीत. दोनदा पालमला जाऊन आलो, त्यांची बायको, गिरिजावहिनी, दारात येऊन म्हणते, झोपलेत. सकाळी अकराला. फौजेतला माणूस.

हा बघा तो पंप. सगळं झालंय, हा एवढा बसला की इंजिन सुरू होईल, निदान होईल की नाही ते कळेल. नजफगडचे दोन मिस्त्री आणले, दोघांनी हात जोडले. खोलणाऱ्यानंच जोडावा म्हणाले. हे तीन दांडे, ह्या तीन नळ्या, प्रत्येकाची जोडी ठरलेली, अदलाबदल झाली की पंप गेला. खालच्या पेपरचं वरचं पान आता पिवळं पडलंय. मी रोज धूळ फुंकतो, हात लावत नाही. वल्लरी म्हणते, बाबा, विकून टाका, क्लोजर घ्या. आमच्याकडे क्लोजर फायलींचं व्हायचं.

निहार, एक काम कराल? तुमचा नंबर त्यांना माहीत नाही. फोन लावाल? हा नंबर. सांगा, एक जुना ट्रॅक्टर घेतलाय, पंप सुटा आहे, तुम्हाला जोडता येतो असं ऐकलं. खोटं कुठे आहे त्यात? घेताच आहात ना. माझं नाव नका घेऊ. स्पीकरवर ठेवा. लावा, लावा. — वाजतोय. —

बोला. मराठीत बोला. — हळू. — ट्रॅक्टर म्हणा, छोटा. — विचारतायत ना किती सिलिंडर? तीन म्हणा. — सांगतायत, सांगू द्या, थांबा, पेन्सिल. 'जोडी बदलू नको', लिहिलं. — 'आधी सगळं डिझेलात धू, कापडानं पुसू नको, धागा राहतो', लिहिलं. — पुढे विचार रे. नळी आधी की वॉशर? — नळी. लिहिलं. — बघ कसे सांगतायत, अनोळखी पोराला, शाळेत शिकवावं तसं. — चार मुद्दे झाले. — 'दांडा घालताना खाच बाहेरच्या बाजूला', पाच. — आता स्प्रिंग. स्प्रिंग विचार —

फोन कापला?

ऐकलं मी, ऐकलं. 'स्प्रिंग दाबून धरायला दुसरा माणूस लागतो, कोण आहे तिथे?' आणि तुम्ही म्हणालात, अशोककाका आहेत. मी हात हलवत होतो. दिसलो नाही? असू द्या, तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही, चांगली गोष्ट आहे, टिकवा. — नाही, रागानं नाही कापला. 'बरं' म्हणाले. तुम्ही नीट ऐकलंत ना? 'बरं'च म्हणाले. मग कापला. — परत? परत नका लावू. आता तो नंबरही ओळखीचा झाला.

पाच लिहून झाले. पुढचे किती, मला माहीत नाही. — तुम्ही धरता स्प्रिंग? धरा हो, पण बसवणार कोण?

जाऊ द्या. गाडी पाठवा शनिवारी. सकाळी पाठवा, दुपारी मी नसतो — असतो, कुठे जाणार — पण सकाळीच पाठवा. सीट तुम्ही बोल्ट करून घ्या, पोरं चढतील. रंग हवा तो द्या. फक्त डाव्या पायरीखाली घासू नका. पंप मी ठेवतो. तो बॉनेटच्या आत असतो, फोटोत दिसत नाही, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. — मला? मलाही नाही.

निघा आता, अंधाराच्या आत कॅब मिळते इथून. दार ओढून घ्या, वाऱ्यानं पेपर उडतो.