आज्ञेतला 'तू'

पेटी थांबवा भाऊ, टाळ खाली ठेवा. पद पुन्हा म्हणू, आधी एक प्रश्न. मंडळी, ऐका! रविवारची उपासना झाली, आशीर्वाद झाला, आणि तिथून थेट हॉटेलात जाऊन जेवलो. तर प्रभूचा दिवस पाळला, की मोडला? बघा, काहींच्या माना खाली गेल्या! मागच्या रविवारी कोण कुठं जेवलं ते मला कळलं.

हसा. पण हसण्यावारी नेऊ नका. याच प्रश्नावरून एका जोडप्याला प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या पवित्र भाकर-द्राक्षारसाला, मुकायची वेळ आली होती.

गोदाकाठचं एक गाव. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत दावीदराव मकासरे पंच होते. माणूस सचोटीचा, त्यांची टर उडवायला मी कीर्तनाला उभा नाही. रविवारी बाजार नाही, प्रवास नाही, दाढीसुद्धा शनिवारीच! सगळं गाव त्यांना 'पंचबाबा' म्हणायचं, अहो-जाहो करायचं. त्यांना 'अरे' म्हणणारी एक आई होती, ती केव्हाच देवाघरी गेली. एवढं लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

त्यांच्या पत्नी सालोमीबाई. उपासनेला यायच्या, पण बसायच्या शेवटच्या बाकावर, दाराशी. दुसरं गीत झालं की हळूच उठून घरी. का? तर उपासना चालवणारे पाळकसाहेब आणि सगळे पंच रविवारी जेवायला त्यांच्याकडे! मटण काय, उपदेश ऐकत बसलं तर शिजतं होय? लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं उपदेशाचा शेवट म्हणून ऐकला नव्हता. आणि कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्याच मंडळीत रत्नाकर नावाचा तरुण शाळामास्तर. त्याची बायको एस्तेर, दिवस भरत आलेली, पाय सुजलेले. एका रविवारी उपासनेवरून निघताना तो तिला म्हणाला, आज चूल पेटवू नकोस. आणि तिला सडकेवरच्या खानावळीत घेऊन गेला. नेमकं पंचबाबांनी पाहिलं.

पुढच्या रविवारी पंचांची बैठक बसली. कुठं? पंचबाबांच्या ओसरीवर, जेवणाच्या आधी! रत्नाकरला समोर उभं केलं. पंचबाबा म्हणाले, बायबलातली आज्ञा स्पष्ट आहे. विसाव्याच्या दिवशी तू काम करायचं नाहीस, तुझ्या मुलामुलीनं नाही, दासदासीनं नाही, गुराढोरांनी नाही, वेशीच्या आतल्या परक्यानंही नाही. "खानावळीत ज्यानं तुला भाकरी भाजून वाढली, तो त्या दिवशी तुझा दास झाला. त्याचा विसावा तू खाल्लास."

सांगा, यात चुकीचं काय आहे? काही नाही! रत्नाकरनंही मान खाली घालून कबूल केलं. मग पंचांनी ठरवलं, नाताळापर्यंत दोघांना प्रभुभोजन बंद.

एस्तेर पायरीशी उभी होती. तिच्या डोळ्यांना धार लागली. का, ते तिनंच सांगितलं. तिची आई पहिल्या बाळंतपणात गेली होती, एस्तेर जन्मली तेव्हा. आता तिची वेळ आली होती, आणि मनात भीती बसली होती. बाळ होण्याआधी एकदा प्रभुभोजनाच्या मेजाशी बसावं, एवढंच तिला हवं होतं. पण ठराव झाला होता.

तेवढ्यात आतून सालोमीबाई बाहेर आल्या. हात पिठाचे. म्हणाल्या, "माझंही प्रभुभोजन बंद करा."

पंचबाबा म्हणाले, "तू आत जा."

"जाते. पण ह्या दोघांनी एकदाच दुसऱ्याच्या हातचं खाल्लं. तुम्ही सगळे दर रविवारी माझ्या हातचं खाता. ते पाप असेल तर माझ्या चुलीचं काय?"

एका पंचानं समजूत घातली, बाई, आज्ञेत मुलगी आहे, दासी आहे, पण बायकोचं नाव त्यात नाही. मंडळी, खरंच नाही! घरी जाऊन बघा. बैल आहे, गाढव आहे, बायको नाही.

सालोमीबाई नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "अहो, देव 'तू' कोणाला म्हणाला? या घरात तुम्हाला तर कोणीच 'तू' म्हणत नाही. मलाच म्हणतात. आत्ता तुम्हीही म्हणालात."

मंडळी, देवानं नवराबायकोला एक केलं, तो बायकोचं नाव वेगळं कशाला घेईल? ती त्या 'तू'मध्येच होती! आपणच तिला त्यातून काढून चुलीपुढं बसवलं.

पंचबाबा उठले, आत गेले. चुलीत पाणी ओतल्याचा आवाज बाहेर आला. परत येऊन ते रत्नाकरला म्हणाले, "एस्तेरला घेऊन मेजाला ये. माझा न्याय अर्धा होता." आणि त्या दिवशी पाळकासकट सगळ्यांनी शिळी भाकरी आणि चटणी खाल्ली. रत्नाकर काही पुन्हा रविवारी खानावळीत गेला नाही. शनिवारीच, पदर खोचावा तशा बाह्या सारून, रविवारच्या स्वयंपाकाला लागायचा.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन झालं. एस्तेर पहिल्या बाकावर, शेजारी सालोमीबाई. उपदेश संपला, आशीर्वादाला सगळे उठले, आणि सालोमीबाई बसूनच राहिल्या. शेवटी उठायचं असतं, हेच बाई विसरून गेल्या होत्या.

आता तुमच्याकडे वळतो. आजही रविवारच आहे. मघाशी दुसरं पद झालं, तेव्हा बायकांच्या बाजूनं चौघी उठून मंडपामागं गेल्या. पातेल्यांचा आवाज मला इथून येतोय, तुम्हालाही येतोय. तुम्ही म्हणाल, कीर्तनानंतरचं जेवण आहे, कोणीतरी करायलाच हवं.

पेटी वाजवू नका भाऊ. पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी उठा. शेगडी बंद करा, आणि त्या चौघींना आत आणून पुढं बसवा. त्या येऊन बसल्याशिवाय मी शेवटची प्रार्थना म्हणणार नाही. मी उभा आहे.