चालू ठेवलेला कॉम्प्युटर

नाही नाही, बंद नाही करायचा — काय असेल ते चालू ठेवूनच करा. नवी डिस्क केबलला लावलीत, जुनीतलं सगळं तिच्यात उतरलं, मग झालं की! आता बंद कशाला? आमच्याकडे हा कधीच बंद होत नाही. वीज गेली तरी खाली तो बॅटरीचा डबा कोकलत राहतो, पण हा चालू. ह्यांचीच सवय ती. कॉम्प्युटर ह्यांचा — माझ्या यजमानांचा. मला आपलं लिहिण्यापुरतं... पुसण्यापुरतं हो, धूळ पुसण्यापुरतं कळतं.

ते? झोपलेत. दुपारची झोप मोडली की संध्याकाळची वाट लावतात. जुनी डिस्क भरली कशानं म्हणता? नातवानं भरली! ह्यांची लेक परदेशात असते, तिला मुलगा झाला — मग काय, तो जांभई देतो त्याचा व्हिडिओ, शिंकतो त्याचा व्हिडिओ. एकही काढून टाकवत नाही हो. आणि नुसते फोटो नाहीत, लिहिते किती! बाबा, आज त्यानं माझं बोट धरलं. बाबा, आज उगाचच रडू आलं मला. काहीएक हातचं राखत नाही. मी दुसरी, बरं का — तिची आई गेल्यावर आले. तेव्हा ही शाळेत होती. इतक्या वर्षांत मला आई सोडा, साधं काकूही म्हणाली नाही. मी वाढलं की ताट उचलून आपल्या खोलीत. आणि आता रोज संध्याकाळी मला — ह्यांना, ह्यांना लिहिते. मी शेजारी बसून वाचते, एवढंच. कालपासून बाळाला ताप आहे, म्हणून घाई करतेय तुम्हाला. संध्याकाळी विचारायचंय.

फोन नाही करत, ह्यांचा आवाज बसलाय. घशाचं काहीतरी. आणि कॅमेरा बिघडलाय — अहो, ती चिकटपट्टी राहू द्या, बिघडलाय म्हटलं ना! लेक पण एकेक विचारते. परवा म्हणाली, बाबा, माझ्या लहानपणी आपली मांजर होती तिचं नाव काय हो? मी यायच्या आधीची मांजर, मला काय ठाऊक? लिहिलं आपलं — बाळ, वय झालं, आठवत नाही. ह्यांनीच सांगितलं तसं लिहायला. तर हसरा चेहरा धाडला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणते, जागा संपली म्हणताय ना, मोठी डिस्क पाठवते, बसवायला माणूसही पाठवते. म्हणून तर तुम्ही आलात. गुणाची आहे पोर. थांबा, पाणी आणते.

हे काय — बंद केलात? पाणी आणायला गेले तेवढ्यात? इतकं बजावून सांगितलं मी! पुन्हा तसाच उघडेल ना, जिथे होता तिथे? बघा हं. डिस्क बदला, काय हवं ते करा, पण होता तसा करून द्या. काय पडलं, स्क्रू? जिन्यावरून गेला असेल घरंगळत. राहू द्या. राहू द्या म्हणते ना! तळघराची फरशी नवी घातलीय, ओली आहे. हो, तेव्हापासून ओलीच आहे. सुकतच नाही.

आला... आला की उजेड! मी उगीच बोलले हो तुम्हाला. तेच चित्र, तेच... हे काय मागतोय? पासवर्ड? खाली काय लिहिलंय — मांजर? नुसतं मांजर?

नाही, मला नाही माहीत. जुनी डिस्क लावा परत. तीही मागेल? ह्यांना काय विचारायचं, ते झोपलेत. दार नका वाजवू, आत कुणी नाही. अहो, पडले ते! जिन्यावरून. मी वरच्या पायरीवर होते, एवढंच. लेकीनं बाळंतपणाला बोलावलं होतं — एकट्यांनाच. हे बॅग आणायला तळघरात निघाले होते. म्हटलं, मीही येते. तर म्हणाले, तुझं काय काम तिथं? माझं काय काम! हेच शब्द. मग कुणी एवढं बोलल्यावर हात...

तुम्ही काय टाइप करताय? पाच-सहा ठिपके... उघडलं! बाळाचा फोटो बघा, जसाच्या तसा —

तुम्हाला कसं ठाऊक मांजरीचं नाव?

तिनंच सांगून पाठवलं? अच्छा. म्हणजे डिस्क त्यासाठी होती. बंद झाला की मला उघडता येणार नाही, हे ओळखलं तिनं. बापाचीच लेक. आणि ती गेला महिनाभर लिहीत होती, रडू आलं, बोट धरलं — ते वाचणारी मीच, हे ठाऊक असून की...

फोन कुणाला लावताय? तिला? नको, मला नका देऊ, माझा आवाज ऐकून ती ठेवून देईल. तुम्हीच बोला. सांगायचं ते सांगा, पोलीस म्हणा, काय वाटेल ते म्हणा. मी इथंच बसते, कुठे जात नाही. फक्त आधी तिला विचारा —

बाळाचा ताप उतरला का?