हाफ क्लच

मिस्त्री : हेड गॅस्केटच गेलंय, भावोजी. गाडी इथेच सोडून जा.

भावोजी : दादा, तुम्ही अजून नुसतं बॉनेट वर केलंय.

मिस्त्री : काटा लालवर जातो म्हणालात. पाणी कमी होतं, खाली थेंब सांडलेला दिसत नाही. सकाळी पांढरा धूर. आणखी काय पत्रिका बघायची?

भावोजी : बघा ना पण एकदा. गॅस्केट म्हणजे इंजिन खोलायचं. माझी रोपं कशातून जाणार? नर्सरीत दुसरी गाडी नाही.

मिस्त्री : दुसरी बघा. ही म्हातारी झाली. मी ठेवून घेतो हिला.

भावोजी : तुम्ही ठेवून घेता?

मिस्त्री : का? माझ्या बापाची गाडी आहे. वखारीची लाकडं वाहायची तेव्हापासून हिच्याखाली झोपलोय मी. हात काळे माझे झाले आणि चावी जावयाला मिळाली.

भावोजी : चावी मी मागितली नव्हती.

मिस्त्री : तेच तर. न मागता मिळाली.

भावोजी : दादा, भांडण नंतर करू. आधी ऑइल बघता का?

मिस्त्री : तो फडका द्या. ...हं.

भावोजी : काय झालं?

मिस्त्री : काही नाही. काळं आहे.

भावोजी : काळं म्हणजे वाईट?

मिस्त्री : काळं म्हणजे ऑइल. पाणी शिरलं असतं तर दुधाच्या चहासारखं झालं असतं. म्हणून लगेच खूश होऊ नका, गॅस्केट दुसरीकडूनही फुटतं. आत बसा, मी सांगेन तेव्हा स्टार्टर मारा. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलंय, इंजिन गार आहे तोवर बघून घेऊ. मारा.

भावोजी : झाली चालू. काय दिसतंय?

मिस्त्री : पाणी दिसतंय.

भावोजी : बुडबुडे?

मिस्त्री : तुम्हाला बुडबुड्यांचं कोणी सांगितलं?

भावोजी : आप्पांनी. ते म्हणाले, गॅस्केट गेलं असेल तर आतला वायू पाण्यात येतो, भात शिजल्यासारखं रटरटतं. दादाला आधी तेच बघायला सांगा म्हणाले.

मिस्त्री : मला सांगा म्हणाले. मला, पोटच्या पोराला. इथे दिवसभर मी लोकांची इंजिनं खोलतो आणि निरोप तुमच्याकरवी येतो.

भावोजी : बुडबुडे आहेत का पण?

मिस्त्री : नाहीत.

भावोजी : आणि धूर? आता तर दिसत नाही.

मिस्त्री : गार हवेत थोडी वाफ येतेच. ती विरली. राहू द्या चालू, गरम होऊ दे. तुम्ही चहा घ्या तोवर. मग प्रेशरचं मीटर लावतो.

भावोजी : चहा नको. इथेच थांबतो.

मिस्त्री : माझ्यावर नजर ठेवायला?

भावोजी : तुम्ही काम करताना बघायला आवडतं म्हणून.

मिस्त्री : असलं गोड बोलूनच आप्पांना खिशात घातलंत तुम्ही. परवा घरी गेलो तर म्हणे, आप्पा जावईबापूंबरोबर बाहेर गेलेत. काल गेलो, तेच. मी फळं ठेवून परत आलो. तुमची छोटी हसत होती. तिला वाटतं गंमत आहे.

भावोजी : काटा वर चाललाय, दादा.

मिस्त्री : दिसतोय मला. बंद करा. खाली उतरा, इथे या. हा पंखा बोटाने फिरवा. बंद आहे, घाबरू नका.

भावोजी : फिरतोय की. भिंगरीसारखा.

मिस्त्री : गरम इंजिनावर हा असा मोकळा फिरायला नको. आत त्याची पकड असते, गरम झालं की घट्ट व्हायला हवी. ती गेलीये. म्हणून काटा चढतो, पाणी उकळून बाहेर उडतं आणि वाळून जातं. म्हणून थेंब सापडत नाही.

भावोजी : म्हणजे गॅस्केट नाही?

मिस्त्री : मीटर लावल्याशिवाय बोलत नाही. सरका.

भावोजी : सरकलो.

मिस्त्री : ...पहिला सिलिंडर बरा. दुसराही. तिसरा... चौथा. चारही सारखे आहेत.

भावोजी : म्हणजे?

मिस्त्री : म्हणजे गॅस्केट शाबूत आहे. झालं समाधान?

भावोजी : तुम्हाला वाईट वाटल्यासारखं दिसतंय.

मिस्त्री : एक सांगा. पंखा मेला तरी मोठ्या रस्त्यावर ही तापणार नाही, समोरचा वारा असतो. तापते ती गोगलगाईसारखी चालवली तरच. तुम्ही रोपं घेऊन बाजारात जाता ते सरळ मोठ्या रस्त्याने. मग हळू कुठे चालवता?

भावोजी : असंच. इकडे तिकडे.

मिस्त्री : गाडी आत घेताना क्लचचं पॅडल पार वर आल्यावर धरत होतं. प्लेट खाल्लीये. जळका वासही आहे. तुमचं ड्रायव्हिंग मला माहीत आहे, भावोजी. गिअर टाकला की तुमचा पाय क्लचवरून खाली. सतत हाफ क्लचवर, पॅडल अर्धं दाबून गाडी हाकणारा एकच माणूस मी बघितलाय.

भावोजी : दादा...

मिस्त्री : आप्पांना चालवायला देता तुम्ही.

भावोजी : रस्त्यावर नाही. जुन्या वखारीच्या आवारात. फाटक आतून लावतो. पहिल्या गिअरमध्ये गोल गोल, बस. हँडब्रेकवर माझा हात असतो.

मिस्त्री : झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात अजून नीट उचलला जात नाही. डॉक्टर माझ्यासमोर नाही म्हणाले. त्यांच्या हातातून चावी काढून घेतली ती मी. पंधरवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, चावी तुम्हाला द्यायला लावली. आणि तुम्ही ती परत त्यांच्या हातात दिलीत.

भावोजी : ते रोज गाडीत नुसते बसून राहायचे. अंगणात. स्टिअरिंग धरून.

मिस्त्री : मला माहीत नाही का? नाही म्हणायचं मी आणि लाड करायचे तुम्ही. वाईट कोण झालं? मग का नाही तुम्ही लाडके होणार?

भावोजी : लाडका? मला ते अजून अहो-जाहो करतात.

मिस्त्री : जावई आहात.

भावोजी : इतकी वर्षं जावईच आहे. परवा मी गाडी भिंतीला घासली. आरसा तुटला. म्हणाले, असू द्या, होतं असं. तुमच्या हातून तुटला असता तर?

मिस्त्री : तर खानदान काढलं असतं माझं. म्हणजे स्वतःचंच.

भावोजी : तेच म्हणतोय. माझे वडील गेले तेव्हा मी रांगत होतो. मला गाढव म्हणणारं कोणी नाही, दादा. तुम्हाला ते शिव्या घालतात तेव्हा मी दुसऱ्या खोलीत असतो, पण कान तिकडेच असतात.

मिस्त्री : शिव्यांचा हेवा करणारा माणूस पहिल्यांदा बघतोय मी.

भावोजी : आवारात चक्कर मारतानाही विषय तुमचाच. या वळणावर तो गिअर चुकवायचा, इथे त्याने माती उकरून ठेवली होती, इथे मी त्याला कानाखाली दिली. मी हं हं म्हणत बसतो.

(भावोजींचा फोन वाजतो. ते स्पीकर लावून तो मडगार्डवर ठेवतात.)

आप्पा : जावईबापू, काय निघालं? गॅस्केट का?

भावोजी : नाही, आप्पा. पंखा.

आप्पा : बरं झालं. तुम्हाला उगीच ताटकळत बसावं लागलं. काही खाल्लंत का?

मिस्त्री : क्लच प्लेटपण गेलीये, आप्पा.

आप्पा : ...तू आहेस होय तिथे.

मिस्त्री : माझंच गॅरेज आहे.

आप्पा : प्लेट कशाने गेली?

मिस्त्री : तुम्ही सांगा.

आप्पा : गाढवा, तूच गेल्या वेळी हलकी प्लेट टाकली असशील. कंटाळा तुझा लहानपणापासूनचा. नट आवळतानाही अर्धा फेरा सोडायचास.

मिस्त्री : बरं.

आप्पा : बरं काय? आता चांगली टाक.

मिस्त्री : टाकतो. आज संध्याकाळपर्यंत देतो. आणि उद्या वखारीत मी येतो तुमच्याबरोबर.

आप्पा : चावी काढायला?

मिस्त्री : नाही. शेजारी बसायला.

आप्पा : बस. पण तोंड मिटून बसायचं. ठेवतो मी.

भावोजी : ठेवला त्यांनी.

मिस्त्री : ऐकलं. तो बावीसचा पाना द्या इकडे.

भावोजी : हा घ्या. ...दादा.

मिस्त्री : हं.

भावोजी : उद्या मग मी कुठे बसू?