रडण्याची कुस्ती

मिचिरु : झोपवलंत? आई, तुम्ही त्याला झोपवलंत?

तोमिए : हळू बोल, उठेल. चहाच्या टपरीमागे सावली होती. पाठीला बांधला, इकडून तिकडे हिंडले, गप झोपला गेन्ता.

मिचिरु : आणि मी सकाळपासून त्याला जागं ठेवतेय. गाडीत डोळा लागत होता, तर काच उघडून तोंडावर वारा घेतला. म्हटलं, आखाड्यात जाईपर्यंत चांगला किरकिरा व्हायला हवा.

तोमिए : किरकिरं पोर कुणी आखाड्यात नेतं का? पैलवानाने उचललं की लगेच भोकाड पसरेल.

मिचिरु : मग तेच तर हवंय.

तोमिए : काय हवंय?

मिचिरु : भोकाड.

तोमिए : अगं, रडला तर हरेल ना तो.

मिचिरु : रडला तर जिंकेल, आई. आधी रडेल तो जिंकतो.

तोमिए : कोण म्हणतं असं?

मिचिरु : तुमच्या डोक्यावर फलक टांगलाय, तो म्हणतो.

तोमिए : चष्मा गाडीत राहिला. तूच वाच.

मिचिरु : ‘जे बाळ आधी रडेल ते विजयी. दोन्ही एकदम रडल्यास, ज्याचा आवाज मोठा ते.’

तोमिए : उलट्या काळजाचं गाव आहे तुमचं. आमच्या बेटावर आधी रडला तो हरला. गप्प राहील तो शूर. तुझा नवरा, आपला कोहेइ, नुसता पैलवान बघूनच रडला होता. माझ्या सासूबाई मरेपर्यंत ऐकवत होत्या मला. भात करपला, ‘रडक्याची आई’. पाऊस आला आणि कपडे भिजले, तरी ‘रडक्याची आई’.

मिचिरु : म्हणजे तुम्ही इथे आल्यापासून रोज दुपारी दार लावून घेत होतात ते...

तोमिए : ते सहज.

मिचिरु : आई.

तोमिए : थोडी तयारी करून घेत होते. कोहेइ फोनवर म्हणाला होता, इथले पंच पोरांसमोर राक्षसाचा मुखवटा घालून येतात. म्हटलं, आपलं पोर घाबरायला नको. मग मीही एक मुखवटा आणला. तो घालायचा, गुरगुरायचं आणि याच्या तोंडात रताळ्याचा तुकडा द्यायचा.

मिचिरु : दर वेळी?

तोमिए : मऊ, गरम गरम. आता राक्षस दिसला की चिमणीच्या पिल्लासारखा आ वासतो. फार हुशार आहे गं.

मिचिरु : संपलं.

तोमिए : एवढं काय त्यात? हरला तर हरला. मी आहे ना ऐकवून घ्यायला, सवय आहे मला.

मिचिरु : जिंकण्याचं नाहीये हो. तो जन्मला तेव्हा रडला नव्हता, आठवतंय?

तोमिए : आठवतंय. बाहेर बाकावर बसले होते मी.

मिचिरु : त्याला उचलून पळतच नेलं त्यांनी. मी तिथे आडवी, नुसते कान लावून. पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी बाळ रडलं आणि मला वाटलं, आपलंच. अजूनही हा रडतो तो मांजराच्या पिल्लासारखा. डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. असेल. पण रात्री उठून मी त्याच्या नाकापुढे बोट धरते. एकदा त्याने छाती फोडून रडावं, बास. रडणारं पोर वाढतं म्हणतात ना?

तोमिए : आमच्याकडेही तसंच म्हणतात.

मिचिरु : मग रडणाऱ्याला हरवता कशाला?

तोमिए : ते मला काय माहीत? सासूबाईंना विचारायची सोय नव्हती.

कुरोइवा : गेन्ता कोण? द्या ताई, पुढची जोडी आपली. मी कुरोइवा, कॉलेजच्या तालमीतला.

मिचिरु : माफ करा हं, पण तो दुसरा पैलवान नाही का मिळणार? तो, जुळलेल्या भुवयांचा.

कुरोइवा : सगळ्या आया त्यालाच मागतात. तो समोरच्या मुलीला धरणार आहे.

मिचिरु : राग मानू नका. तुमचा चेहरा फारच मायाळू आहे.

कुरोइवा : आमचे गुरुजीही तेच म्हणतात. म्हणून मी कुस्त्या हरतो म्हणे.

तोमिए : डोळे वटारता येतात का रे तुला?

कुरोइवा : वटारलेत, आजी.

तोमिए : हे वटारलेले?

मिचिरु : उठला. बघा, उठला आणि यांच्याकडे बघून हसतोय.

तोमिए : झोप पूर्ण झालीय ना त्याची.

(ढोल वाजतो. पंच मुखवटा चढवून आखाड्यात येतात.)

मिचिरु : आता गुरगुरतील.

तोमिए : आ वासला.

मिचिरु : दिसतंय मला.

तोमिए : पंचांनी परत गुरगुरायला नको होतं. त्याला वाटतंय, आणखी एक तुकडा आहे. अरे गेन्ता, त्या आजोबांकडे रताळं नाहीये. रड रे राजा.

मिचिरु : आई, लोक बघतायत.

तोमिए : बघू देत. गेन्ता, तुझा बाप बघ कसा बघताक्षणी रडला होता. काही घे त्याच्याकडून.

मिचिरु : आता काय करतोय तो?

तोमिए : राक्षसाचा सुळा धरलाय. चोखून बघतोय.

मिचिरु : गेली कुस्ती. समोरची मुलगी रडली.

तोमिए : काय आवाज आहे पोरीचा. बोटीच्या भोंग्यासारखा.

मिचिरु : हो. किती छान रडतेय.

कुरोइवा : हरलो, ताई. पंचांना हसू आवरेना, मुखवटा सरळ करायला बाजूला गेलेत. घ्या तुमचं बाळ.

मिचिरु : ये रे. ये माझ्याकडे. अहो, सोडा ना त्याला.

कुरोइवा : मी कधीच सोडलंय. त्याने माझा कान धरलाय.

तोमिए : बोटं मोकळी कर, एकेक करून. हां. आता ओढ.

कुरोइवा : ताई, मी काही केलं नाही हं. तुमच्या हातात दिलं आणि एकदम असा...

तोमिए : अहो पंच, इकडे. आमचाही रडतोय बघा. जरा उशीर झाला, पण आवाज मोजा याचा.

कुरोइवा : आजी, त्यांना काही ऐकू येत नाहीये. ढोलवालाही थांबलाय. रांगेतली सगळी पोरं उठली.

तोमिए : अगं मिचिरु, लालबुंद झाला गं तो. कानठळ्या बसल्या माझ्या. खांद्यावर घे, थोपट त्याला. अशी उभी काय राहिलीस?

मिचिरु : थोपटते, आई. जरा ऐकू दे.