आरशासमोरची भिंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पुंजाराम गुरुजी, बोईसरहून खडीच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घेत मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे ओव्हरसियर शिवाजीराव, आपल्या वाचनालयाचे चिटणीस आनंदा, तारापूरच्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि माझ्यासोबत धापा टाकत येऊन दाराशीच थबकलेली आमची शेजारीण शकू. शकू, आत ये, बस कुठंतरी. आज तुझ्या अंगाच्या मासळीच्या वासाला कोणी नाक मुरडणार नाही. ज्यानं मुरडलं त्याला उद्यापासून बोंबील मिळणार नाहीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

सर्वात आधी क्षमा मागतो. सत्कारमूर्तीनंच उशिरा यावं आणि अध्यक्षांनी त्याची वाट पाहत हार धरून बसावं, हे शोभत नाही. आनंदा दोनदा घरी बोलावायला आला, अंगणातून हाका मारून गेला, आणि मी 'आलोच' म्हणून आतच राहिलो. आता शकू आणि मी एकदमच उगवलो म्हणून मागच्या बाकांवर जी कुजबुज चाललीय, तीही माझ्या कानावर आली. म्हातारपणी आमच्यावर भलता आळ घेऊ नका. उशीर का झाला ते सांगतो. पण आधी गुरुजींनी सोपवलेलं काम करतो. त्यांचा हुकूम आहे की, कमलाकांत, जाता जाता कलेविषयी चार शब्द बोला.

गुरुजी, मी ठसे कोरणारा माणूस. मी काय बोलणार? शिवाजीराव या भागात नवे, त्यांच्यासाठी सांगतो. धातूच्या ठोकळ्यात नक्षी खोल कोरायची, तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबायचा, की पानं-फुलं-मोर पत्र्यावर उठून येतात. त्या ठोकळ्याला ठसा म्हणायचं. सोनार त्यावर दागिने करतात, लग्नात मिरवतात त्या बायका, आणि आमचे डोळे जातात. आता माझे गेलेच आहेत, म्हणून तर उषानं नाशिकला बोलावून घेतलंय. लेकीच्या घरी राहू नये म्हणतात जुने लोक. पण जुन्या लोकांना माझा चष्मा घालून बघू दे एकदा.

तर या कामातली एकच गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं. मोर उजवीकडे बघणारा हवा तर ठशात तो डावीकडे बघतो. जन्मभर हेच केल्यावर हाताला वळणच तसं पडतं. या वाचनालयाची पाटी रंगवायला घेतली तेव्हा मी खडूनं सगळी अक्षरं उलटी आखली होती. गुरुजी शाळा सोडून धावत आले. म्हणाले, अहो कमलाकांत, ही पाटी काय समोरच्या तळ्याला वाचायला लावलीय का? लोक अजून हसतात. हसा, हसा, मीही हसतो.

मघाशी शिवाजीरावांनी मला 'हौशी चित्रकार' म्हटलं. मला शब्द आवडला. हौशी म्हणजे कोण? कोणी मागितलं नाही तरी करतो तो. दिवसभर मी गिऱ्हाइकाची फुलं कोरायचो. फूल किती पाकळ्यांचं, वेल कुठं वळवायची, सगळं त्याच्या मर्जीनं. संध्याकाळी हात चिंचेनं घासून धुतले की ते माझे व्हायचे. मग ओट्यावर बसायचं, जुन्या कॅलेंडरची पाठ घ्यायची, आणि डोळ्यांसमोर येईल ते काढायचं. वलांडीच्या दोरीवर वाळत घातलेले बोंबील. खाडीत ओहोटीला कलंडून पडलेली होडी. किल्ल्याच्या तटावर चढलेली शेळी. आमच्या नर्मदेचं आपलं पालुपद असायचं, "सगळ्या दुनियेची चित्रं काढता, पण भाजी निवडायला कोन बसेल?" आणि माझ्या पुढ्यात शेवग्याच्या शेंगा टाकायची. मी शेंगाही काढायचो. कागदावर.

आता तुम्ही म्हणाल, रोज उठून ही उठाठेव कशासाठी? चित्र विकायचं नाही, बक्षीस मिळवायचं नाही. मला विचाराल तर, एखादी गोष्ट नीट बघायची असेल तर ती काढावी लागते. होडी मी जन्मापासून बघतोय, पण काढायला बसलो तेव्हा कळलं की तिचं नाक जरा वाकडं आहे. माणसाचंही तसंच असतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नर्मदेचं चित्र काढायला बसलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं की हसताना तिचा डावा गाल आधी हसतो आणि उजवा मागाहून येतो. मी तिला हे सांगितलं. तर म्हणते, "इतके दिस कुटं बघत हुतात?"

कलेविषयी बोलायला उभा राहिलो आणि बायकोवर आलो. गुरुजी, घड्याळ बघू नका, मी फार लांबवणार नाही.

ते चित्र मी मन लावून काढलं. मध्यंतरी गणपतीत याच दालनात माझी चित्रं मांडली होती, तेव्हा तेही त्या खांबावर लावलं होतं. लोक येत होते, वाहवा करत होते. मग ही शकू आली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि भर गर्दीत म्हणाली, "ही आमची नमी नाय. नमीची चमकी या अंगाला, हिची त्या अंगाला. भाऊ, कोनाची बायको काढलीस?" सगळं दालन हसलं. बघतो तर काय, माझ्या हातानं आपलं वळण गिरवलं होतं. चमकी उजव्या नाकपुडीत, भांगही भलतीकडे, आणि हसू उजव्या गालाकडून निघालेलं. मोरासारखी बायकोही मी उलटी कोरली होती. मी चित्र उतरवलं आणि काखेत मारून घरी आलो.

घरी नर्मदेनं ते हातात घेतलं. बघितलं. मग भिंतीवरच्या आरशापाशी गेली, आरशात बघितलं, पुन्हा चित्रात बघितलं. मला वाटलं, आता हिच्याही शिव्या खायच्या. तर म्हणते, "शकूला काय कळतंय? मी अशीच हाय. रोज वेणी घालताना हीच तर मला दिसते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बिचारीनं जन्मात स्वतःला आरशाखेरीज कुठं पाहिलं होतं? आरशात चमकी चित्रातल्या अंगालाच दिसते. गावाला परकी वाटलेली बाई तिला मात्र सख्खी वाटली. तिनं ते चित्र आरशाच्या शेजारीच खिळा ठोकून लावलं. रोज सकाळी वेणी घालताना एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे, आणि मला विचारायची, "दोगीत बरी कोन?" मी म्हणायचो, जी चहा देईल ती.

पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिनं मला जे विचारलं, त्यासाठी मी आज इथं उभा राहून एवढं बोलतोय. वेणी घालता घालता तिचे हात थांबले आणि ती म्हणाली, "अवो, म्हंजे तुमाला मी अशी दिसत नाय?" मी म्हटलं, नाही, थोडी वेगळी. "मंग कशी?" आता हे सांगायचं कसं? मी म्हटलं, बोईसरला जाऊन फोटो काढून घेऊ, त्यात बघ. तर मानेला झटका देऊन म्हणाली, "फोटूत मी यंत्राला दिसते तशी येईन. मला बघायचंय ते तुमाला कशी दिसते ते. तुमी काढा."

शिवाजीराव, मोठमोठ्या लोकांना मोठमोठी कामं सांगितली जातात. तुमच्याकडे तर वीज करायचा कारखाना उभा करायचं काम आहे. मला जन्मात एकाच माणसानं एकच चित्र मागितलं. ते मला जमेना.

खोटं नाही सांगत, किती कागद घालवले. समोर ती तांदूळ निवडत बसलेली असायची, डोळ्यांना दिसायची सुलटी, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत जाईस्तोवर उलटी व्हायची. मुद्दाम सावकाश काढलं तर चेहरा लाकडी व्हायचा. एकदा मी लबाडी केली. नुसती चमकी पुसून दुसऱ्या अंगाला नेली. तिनं बघितलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, "ही तर तिसरीच बाई आनलीत घरात." मग ते हसणं काढायला बसलो, तर तेही उलटंच आलं.

मागल्या साली ती तापानं पडली. अंथरुणावरून विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, होतंय. ती म्हणायची, "सावकाश होऊ द्या, मी काय कुटं जात नाय." आणि गेली. तेव्हापासून मी पेन्सिल हातात धरलेली नाही. लोकांना वाटतं डोळ्यांमुळे. डोळे अधू झालेत हे खरं, पण मोठ्या कागदावर रेघ मारण्याइतके अजून आहेत. काढून दाखवायचं कुणाला, हा प्रश्न होता. मला तिची फार आठवण येते. चारचौघांत असं बोलू नये म्हणतात, पण तुम्ही काही चारचौघे नाही, माझं गाव आहात.

तर आता उशिराचं कारण. सामान सगळं बांधून झालंय. आरसा तेवढा भिंतीवर आहे, तो मी नव्या भाडेकऱ्यांसाठी ठेवतोय. नर्मदेचं चित्र खिळ्यावरून काढलं आणि पुसून समोरच्या भिंतीशी ट्रंकेवर टेकवून ठेवलं, कारण ते आज वाचनालयाला द्यायचं असं गुरुजींना मी कबूल केलं होतं. मग टोपी नीट बसवायला आरशासमोर उभा राहिलो.

माझ्या खांद्यामागे नर्मदा उभी होती. चमकी डाव्या नाकपुडीत, भांग जिथल्या तिथं, आणि डावा गाल आधी हसत होता. तांदूळ निवडताना मान वर करून माझ्याकडे बघायची, तशी.

मंडळी, जन्मभर मी रोज काय केलं? ठसा कोरायचा आणि त्यात मेण दाबून बघायचं, सुलटं काय उठतंय ते. उलट्याचं सुलटं करणं हीच माझी रोजीरोटी. आणि घरात आरसा एका भिंतीवर, चित्र त्याच भिंतीवर, त्याच्या शेजारी. एकदा, फक्त एकदा, ते उचलून समोर धरलं असतं तर तिनं जे मागितलं ते तिला तिथंच दिसलं असतं. ती स्वतःला कशी दिसते ते मी काढलं होतं, आणि मला कशी दिसते तेही त्याच कागदात होतं.

मी शकूला हाक मारली. ती हात पुसत आली. मी नुसतं आरशाकडे बोट दाखवलं. शकूनं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बाय माजे, ही बग आली आमची नमी." आणि मग, शकू, रागावू नकोस, सांगतो मी, मग ती स्वयंपाकघराकडे तोंड करून सवयीनं हाक मारून बसली, "नमे, ये गो, बग तुजा घो तुला कसा बगतो ते."

हाक मारून झाली आणि आम्ही दोघेही त्या दाराकडे बघत उभे राहिलो. म्हणून उशीर झाला.

गुरुजी, आपण मोठ्या मनानं जागा राखून ठेवलीत, खिळाही ठोकलात, पण ते चित्र मला आता देववत नाही. शब्द मोडतोय, पदरात घ्या. होडी घ्या, शेळी घ्या, किल्ला घ्या. सगळी उलटीच आहेत, पण गाव तुमचंच आहे, ओळखून घ्याल. उषाच्या घरी आरसा कुठल्या भिंतीवर आहे ते मी कधी पाहिलं नाही. कुठंही असो, त्याच्या समोरची भिंत मी मागून घेणार आहे.

शाल दिलीत, नारळ दिलात, एवढा वेळ ऐकून घेतलंत, शिवाजीरावांनी परतीची बस चुकवली, या सगळ्यांचे उपकार मी बरोबर नेतो. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मनात ठेवू नका. माझा हातच उलटा, तिथं जीभ कुठली सुलटी असणार? जे उलटं वाटेल ते घरी नेऊन आरशासमोर धरा. पण वेळेवर धरा, एवढंच हात जोडून सांगतो. येतो मी.